हनिफारू बे, मालदीव : मांटा दिसतात, पण तारीख आणि गाइड नीट निवडा

बा अटॉल, म्हणजे मालदीवमधला प्रवाळबेटांचा एक कंकणाकृती समूह. तिथल्या हनिफारू खाडीत मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत मांटा, म्हणजे महाकाय पाकट मासे, पाहायची स्नॉर्केलिंग सफर घेण्यासारखी आहे का? आमचं उत्तर ठाम हो. मात्र तारीख चुकली तर हिरवट पाणी आणि माणसांच्या फिन्स एवढंच पाहून परतावं लागतं.

हंगाम मे ते नोव्हेंबर, म्हणजे आपला पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे. नैऋत्य मान्सूनमध्ये प्रवाह अटॉलमधून पूर्वेकडे वाहतो आणि पूर्वेच्या कडेवर प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, साचतं. भरतीचं पाणी ते पुन्हा आत ढकलतं, आणि हनिफारूचा नरसाळ्यासारखा बंद कोपरा ते अडवून धरतो. उधाणात हा जोर सर्वात जास्त असतो. म्हणून मुक्काम अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा ठेवा, निदान तीन-चार रात्रींचा. एकाच दिवसाची सफर म्हणजे निव्वळ नशीब. पाणी गढूळ दिसलं म्हणून खट्टू होऊ नका, तो गढूळपणा म्हणजेच मांटाचं जेवण.

राहायला धरवंधू बेट सोयीचं. तिथे विमानतळ आहे, साधी गेस्टहाउस आहेत आणि खाडी बोटीने काही मिनिटांवर. चांगला गाइड सकाळीच सांगत नाही की अमुक वाजता निघू. तो भरती पाहतो, खाडीत काय दिसतंय याची खबर घेतो आणि मग निघतो. ठरलेल्या वेळेची हमी देणारा, भरती दुपारी असताना सकाळीच नेणारा टाळा. खाडीचं प्रवेशशुल्क बोटीच्या भाड्यात धरलंय की वेगळं, हे आधी विचारा.

नियम कडक आहेत आणि तेच या जागेचं बळ आहे. २००९ मध्ये खाडी संरक्षित झाली, २०११ मध्ये बा अटॉल युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र झालं. आता इथे स्कूबा डायव्हिंग बंद आहे, फक्त स्नॉर्केलिंग. एका वेळी पाण्यात जास्तीत जास्त ८० माणसं, प्रत्येकाला ४५ मिनिटं, दहा जणांमागे एक प्रमाणित गाइड. आमच्या मते ८० हा आकडा अजूनही मोठा आहे. मांटा एका कोपऱ्यात चरत असल्या की सगळे तिथेच गोळा होतात. म्हणून सहा जणांचा गट नेणारा गाइड थोडा महाग पडला तरी घ्या.

पाण्यात सर्वात जास्त चुकतं ते पाठलाग करणं. तोंडाजवळचे दोन पंख उलगडून मांटा प्लँक्टन तोंडाकडे वळवते. मागून कुणी आलं की ते पंख गुंडाळून ती निघून जाते, आणि तिच्याबरोबर बाकीच्यांचाही वेळ वाया जातो. तीन मीटर अंतर ठेवा, पृष्ठभागावर आडवे तरंगा, पाय जवळजवळ थांबवा. चरणारी मांटा फेऱ्या मारत असते, ती आपणहून जवळून जाते. तिच्या शेपटीला विषारी काटा नसतो, पण हात लावू नका. अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच तिचं संसर्गापासून रक्षण करतो. प्लँक्टनमध्ये डसणारे बारीक जीवही असतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, घाला. त्याने सनस्क्रीनही कमी लागतं. पोहणं कच्चं असेल तर आधी बेटाच्या उथळ पाण्यात मास्क आणि स्नॉर्केलचा सराव करा. ४५ मिनिटांतली पंधरा मास्क सारखा करण्यात घालवणं परवडत नाही.

फोटो काढायचा तर पोटाचा काढा, फ्लॅश बंद ठेवून. पोटावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक मांटाची वेगळी असते. मांटांचा अभ्यास आणि संरक्षण करणाऱ्या मांटा ट्रस्ट या संस्थेने त्यावरून मालदीवमधल्या हजारो मांटांची नोंद ठेवली आहे. तुमचा फोटो तारीख आणि जागेसह त्यांना पाठवा, तो खरोखर उपयोगी पडतो.

एवढी काळजी का? कोकणातल्या बाजारात पाकट म्हणून जे मासे विकले जातात त्याच गटातली ही मांटा, पण तिची वाढ फार संथ. सुमारे वर्षभर गर्भ, सहसा एकच पिल्लू आणि पुढच्या पिल्लापर्यंत कित्येक वर्षं. कल्ल्यांच्या व्यापारासाठी इतर देशांत झालेली शिकार म्हणूनच भरून निघत नाही. मालदीवने १९९५ मध्ये पाकटांची निर्यात थांबवली आणि २०१४ मध्ये सगळ्याच जातींना संरक्षण दिलं. शिवाय इथला टूना जाळ्याने नव्हे, मुख्यतः गळाने एकेक पकडला जातो, त्यामुळे मांटा अडकत नाहीत.

याच पाण्यात ठिपकेदार गरुड पाकट आणि वाळूत पुरून बसणारी गुलाबी पाकटंही आहेत. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट आधीच सरकतं आणि काटा बसत नाही. धक्क्यावर पाकटांना मासे भरवण्याचा कार्यक्रम कुणी दाखवला तर नको म्हणा. आयत्या तुकड्यांना सोकावलेली पाकटं माणसाच्या पायाशी घोटाळतात, एकमेकांना चावतात, आणि दोघांनाही इजा होते.