जुन्या इंजिनासाठी ‘हाय मायलेज’ ऑइल आणि फिल्टर: काय घ्यावं, काय सोडावं

लाखाच्या वर पळालेल्या गाड्यांसाठी वेगळं ऑइल हा प्रकार व्हॅल्व्होलिनने २००० साली ‘मॅक्सलाइफ’ आणून रूढ केला. आता मोबिल १, कॅस्ट्रॉल जीटीएक्स, पेन्झॉइल अशा सगळ्यांकडे ‘हाय मायलेज’ लिहिलेला डबा असतो. त्यावरचा आकडा बहुधा ७५,००० मैलांचा, म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटरचा. तो फार मनावर घेऊ नका. एखादं इंजिन ऐंशी हजारांतच टॅपेट कव्हरखालून पाझरायला लागतं, दुसरं अडीच लाखांनंतरही कोरडं ठणठणीत असतं. ऑइल घ्यायचं ते इंजिनाची आजची अवस्था बघून.

या डब्यात जास्तीचं काय असतं? रबरी सील किंचित फुगवून मऊ ठेवणारे घटक, थोडं अधिक डिटर्जंट आणि बरेचदा त्याच ग्रेडच्या वरच्या टोकाची जाडी. शेवटचा मुद्दा सहसा कुणी बघत नाही. ‘४०’ ग्रेड म्हणजे १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक) यांमधलं काहीही. त्यामुळे १०डब्ल्यू-४०चे (‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतल्या जाडीचा, नंतरचा गरम असतानाच्या) दोन डबे गरम इंजिनात बरेच वेगळे वागू शकतात. डेटाशीट कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. त्यात १०० अंशांचा आकडा आणि ‘एचटीएचएस’ (खूप तापलेलं ऑइल जोरात घासलं जाताना उरणारी जाडी) हे दोन रकाने बघा, डब्यावरची जाहिरात सोडून द्या.

गुण कुठे येतो? सील वयाने कडक झालं असेल आणि ऑइल नुसतं पाझरत असेल, तर एक-दोन बदलांत फरक दिसतो. सील फाटलं असेल, क्रँकचा सीलखालचा भाग झिजून खाच पडली असेल किंवा गॅस्केट दबून निकामी झालं असेल, तर काहीही फरक पडत नाही. गाडी ऑइल खात असेल तर धूर बघा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना निळा धूर एकदाच सोडला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा, तिथे या ऑइलचा थोडा उपयोग होतो. चढावर जोर लावल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तिथे कुठलाही डबा फक्त वेळ काढतो.

ग्रेडचा पहिला आधार गाडीचं मॅन्युअल. जुन्या मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार तीन-चार ग्रेडचा तक्ता असतो, म्हणजे निवडीला वाव कंपनीनेच ठेवलेला असतो. तक्त्यात बसत असेल तर झिजलेल्या पण धडधाकट पेट्रोल इंजिनासाठी आमचा कौल १०डब्ल्यू-४० हाय मायलेजला. युरोपीय धाटणीच्या इंजिनाला डब्यावर ‘एसीईए ए३/बी४’ (युरोपीय गाडी-उत्पादकांच्या संघटनेचा ऑइल-दर्जा) हवंच, कारण त्यात एचटीएचएस किमान ३.५ असण्याची अट आहे. ‘ए५/बी५’ लिहिलेलं ५डब्ल्यू-३० त्याहून पातळ असतं. इंधन वाचतं म्हणून ते जुन्या इंजिनात ओतू नका, बेअरिंगवरचा ऑइलचा थर पातळ होतो.

आता २०डब्ल्यू-५०. ‘गाडी जुनी झाली, दाट ऑइल टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, आणि टाकल्यावर ऑइलच्या दाबाच्या गेजचा काटाही वर जातो, म्हणून तो खरा वाटतो. पण दाब वाढला म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नव्हे. दाट ऑइल वाहायला अडतं, म्हणून पंपाच्या तोंडाशी दाब वाढतो. थंडीत सुरू केल्यावर वरच्या कॅमपर्यंत आणि हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत ते उशिरा पोचतं. शिवाय फिल्टरच्या कागदातून सहज जात नाही, त्यामुळे बायपास व्हॉल्व्ह (कागद अडला की ऑइलला फिल्टर टाळून वाट देणारी झडप) उघडा राहतो आणि तेवढा वेळ न गाळलेलं ऑइल बेअरिंगांत फिरतं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ गरजेनुसार बदलणाऱ्या) इंजिनात तर अजिबात नको, त्याच्या बारीक जाळ्या आणि सोलेनॉइड पातळ ऑइलसाठी केलेल्या असतात. मुळात २०डब्ल्यू-५० सांगितलेलं इंजिन असेल, हवा उष्ण असेल आणि गरम असताना आयडलला दाब खरोखर पडत असेल, तर मात्र ते योग्यच.

‘सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते’ ही भीती अर्धीच खरी. आजच्या सिंथेटिकमध्ये सीलचा विचार केलेला असतो. ते चांगलं धुतं आणि सीलच्या फटीत बसलेला गाळ निघाला की आधीचीच गळती दिसू लागते. खरा धोका वेगळा आहे. वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात गाळ एकदम सुटला तर तो सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) पंपाच्या जाळीत अडकतो. फिलर कॅप उघडून आत बघा. काळा, डांबरासारखा थर दिसला तर फ्लशची (इंजिन आतून झटपट धुणाऱ्या द्रवाची) बाटली ओतू नका. साधं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक ऑइल आणि नवा फिल्टर घालून हजार-दीड हजार किलोमीटरवर दोन्ही बदला, मग पुन्हा तसंच. हळूहळू धुऊ द्या.

सपाट टॅपेट थेट कॅमवर घासणारी जुनी इंजिनं असतील तर ऑइलमधल्या झीज रोखणाऱ्या झिंक-फॉस्फरसचा प्रश्न येतो. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून २००४च्या एपीआय ‘एसएम’ या अमेरिकी ऑइल-दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साठी तशी मर्यादा नाही, त्यामुळे डेटाशीटमध्ये ०.१ टक्क्याच्या आसपास आकडा असलेलं ऑइल सापडतं. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला तेच घ्या. वरून झिंकची बाटली मिसळायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण हाताबाहेर जातं.

फिल्टरकडे मात्र लोक फारच हलक्यात बघतात. बाहेरून सगळे डबे सारखेच, फरक आत असतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर त्यातला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह महत्त्वाचा. गाडी बंद असताना ऑइल खाली ओघळू नये याची जबाबदारी या रबरी चकतीवर असते. साधं काळं नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉन मऊ राहतं. सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडाट आणि दाबाचा दिवा उशिरा विझणं, ही चकती निकामी झाल्याची खूण असू शकते. अशा वेळी लोक ऑइल दाट करतात आणि दुखणं वाढवतात. आधी सिलिकॉनवाला फिल्टर लावून बघा.

दुसरा मुद्दा बायपासचा. तो किती दाबाला उघडतो हे इंजिनागणिक ठरलेलं असतं, साधारण अर्धा ते दीड बार. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो आणि फिल्टरमध्ये नसतो. असा बिनबायपासचा फिल्टर दुसऱ्या इंजिनावर चढला तर कागद तुंबल्यावर ऑइलच अडेल. ‘बसतो ना, मग लाव’ हे म्हणूनच चुकीचं. आट्यांचंही तेच. एम२०×१.५ आट्यांचा फिल्टर पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांच्या स्टडवर (फिल्टर ज्यावर फिरवून बसतो त्या दांड्यावर) चढतो, पण ढिला. स्टड १९.०५ मिलिमीटरचा आणि फिल्टर २०चा. दाबाखाली तो उडाला तर मिनिटाभरात इंजिन कोरडं. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

डब्यावर नुसतं ‘९९ टक्के गाळतो’ लिहिलेलं निरर्थक आहे. किती मायक्रॉनला, ते हवं. आयएसओ ४५४८-१२ चाचणीचा, २० मायक्रॉनसारखा ठरावीक आकडा देणाऱ्या फिल्टरला आम्ही जास्त गुण देतो. ५,००० ते ८,००० किलोमीटरवर ऑइल बदलणार असाल तर चांगला सेल्युलोज किंवा मिश्र कागद पुरतो. लांब अंतरासाठीचा पूर्ण सिंथेटिक फिल्टर तिथे चैनच.

बसवताना होणारे घोटाळे ठरलेले आहेत. इंजिन कोमट करून ऑइल काढा, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. जुन्या फिल्टरचं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, बोट फिरवून खात्री करा. त्यावर नवा फिल्टर चढला की दोन गॅस्केट एकावर एक बसतात आणि दाब येताच भसकन ऑइल बाहेर. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा, पाना नको. ड्रेन बोल्टचा वॉशर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर नवाच घाला. सम्प अॅल्युमिनियमचा असेल तर टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, कारण इथे आटे गेले की खर्च वाढतो. ठरलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन सुरू करा, दिवा विझला की बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघत बाकीचं भरा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाचा दाब टिकत नाही.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. पत्रा कापा (करवतीने नको, तिचाच कीस आत पडतो), कागद पिळून उन्हात पसरा. काळसर चिखल चालतो. चुंबकाला न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय, मग ऑइलचा ब्रँड बदलण्याआधी सम्प उतरवून बघा.