जोडीतली दुसरी बॅटरी

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. हिच्यात सीटमागच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस जोडून, बसतात. बरेच जण १२ व्होल्टची एकच टाकून मोकळे होतात. मला मूळ मांडणीच हवी होती, आणि त्या हट्टापायीच मी गंडलो.

६ व्होल्टच्या बॅटऱ्या सहज मिळत नाहीत. एका विक्रेत्याकडे "एकाच लॉटची जोडी" निघाली. मी मल्टिमीटर घेऊनच गेलो होतो. दोन्हींवर ६.४ आले, मी खूश. चार्जरवरून नुकतीच काढलेली मरतुकडी बॅटरीसुद्धा काही वेळ असाच आकडा दाखवते हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा सुचलं नाही. वर त्याने आपणहून एकीला लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून व्होल्टेज टिकतो का ते पाहणारं यंत्र) लावला. १५ सेकंद काटा ५ च्या वर ठाम. मी दुसऱ्या बॅटरीकडे बोट केलं तर म्हणाला, "अहो साहेब, ही तिची जुळी बहीण. हिचं वेगळं काय बघायचं?" मी हसलो आणि दोन्ही उचलल्या.

तीन आठवड्यांत सेल्फ कण्हायला लागला. आधी अर्थिंगवर संशय घेतला (या गाडीत बॉडीला प्लस असतो, त्यामुळे उगाच सगळे तिथेच बोट दाखवतात). अर्थिंगची पट्टी घासली, फरक शून्य. मग मित्राला सेल्फ मारायला लावून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर धरला. एक ५.१ वर टिकली. दुसरी थेट २.८!

तिची बुचं उघडून हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घातला. दोन सेल १.२५, तिसरा १.१२, म्हणजे जवळपास रिकामा. मग टर्मिनल नीट पाहिलं. वरून तारेच्या ब्रशने चकचकीत केलेलं, पण बुडाशी क्लॅम्प आवळल्याचा वळ स्पष्ट. शिसं मऊ असतं, एकदा आवळलं की खूण राहतेच. तारखेच्या स्टिकरची कड नखाला जाड लागली. हेअर ड्रायरची गरम हवा दिली तर खाली दुसरं स्टिकर, चार वर्षं जुनं.

परत गेलो तर उत्तर तयार. "तुमच्या जुन्या डायनमोनेच खाल्ली." वॉरंटी कार्ड काढलं. त्यावर एकच नंबर, तोही चांगल्या बॅटरीचा. म्हणजे खराब बॅटरीला वॉरंटीच नव्हती, हे तेव्हा समजलं.

नवी जोडी घेताना दोन्हींना माझ्यासमोर लोड लावायला सांगितलं, दोन्ही नंबर कार्डावर लिहून घेतले, स्टिकरच्या कडेवरून नख फिरवलं. दुकानदार वैतागला, वैतागू दे. आधीच्या जोडीतली चांगली बॅटरी नव्या बॅटरीसोबत लावली नाही. सिरीजमध्ये दोन्ही एका वयाच्या, एका ताकदीच्या लागतात, नाहीतर कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि चांगली तिच्यातून करंट ढकलतच राहते, त्यामुळे तिचे प्लस-मायनस उलटे होऊन ती आणखी खराब होऊ शकते. त्यामुळे ती धडधाकट बॅटरी आता टेबलाखाली आहे. तिच्यावर दिव्यांचे बल्ब तपासतो.