हिरो होंडा स्ट्रीट : ऑटो क्लच गाडीची रेस, वापरानंतरचा अनुभव

सेकंडहँड स्ट्रीट घरात आली त्याला आता एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला. बाबांचं डावं मनगट क्लच दाबून दुखायचं आणि स्कूटरच्या लहान चाकांवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ही शोधून काढली. १९९७ साली बाजारात आलेली, होंडाच्या ‘कब’ या छोट्या गाड्यांच्या घराण्यातली गाडी. आडवं पडलेलं इंजिन, शंभर सीसीच्या आत, चार गिअर, आणि हँडलला क्लचची लिव्हरच नाही. मायलेज, सीट, सस्पेन्शन वगैरे त्या काळच्या कुठल्याही कम्यूटरसारखंच. हिची खरी मेख आहे ती रेसमध्ये, म्हणजे अॅक्सिलरेटर न पिळता इंजिन ज्या वेगाने चालत राहतं त्यात.

साध्या मोटरसायकलची रेस थोडी जास्त ठेवली तर पेट्रोल जातं आणि कानाला त्रास होतो, एवढंच. इथे तसं नाही. क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच पकडतो, कमी झाल्या की सोडतो. म्हणजे उभ्या गाडीत तो पूर्ण सुटलेला राहतो की अर्धवट घासत बसतो, हे कार्बोरेटरवरच्या रेसच्या स्क्रूवर ठरतं. शिवाय गिअरचं पेडल दाबलं की क्लच सुटतो, तो भाग वेगळा.

आमच्याकडे आली तेव्हा गाडी सिग्नलला उभी राहत नव्हती. पहिल्या गिअरमध्ये ब्रेक सोडला की आपली पुढे सरकायची, आणि न्यूट्रलमधून पहिला टाकताना ‘खटाक’ आवाज. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "काका, रेस वाढवलीय म्हणून बंद पडत नाही, राहू द्या." त्याच्या परीने बरोबरच, कारण दिवसभर त्याच्यासमोर क्लचवाल्याच गाड्या येतात.

मग मीच बसलो. आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून गरम केली. थंड इंजिनावर रेस लावणं म्हणजे वेळ फुकट, गरम झाल्यावर ती वर चढतेच. एअर फिल्टर आणि प्लग साफ, थंड इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.०५ मिमी, अॅक्सिलरेटरच्या केबलला थोडा ढिलेपणा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं. तेवढ्यात रेस बदलली तर दोष केबलचा, कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका.

या जातीच्या इंजिनांना १४०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), शंभर इकडे-तिकडे, एवढी रेस पुरते. गाडीला टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या दाखवणारा काटा नाही, म्हणून प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्तातला मीटर आणला. त्यात एक गंमत आहे. या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, आणि मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरून बसला असेल तर आकडा दुप्पट दाखवतो. न्यूट्रलमध्ये शांत चालणाऱ्या इंजिनाला २८०० दिसले की घाबरून स्क्रू सोडायचा नाही, मीटरचं सेटिंग बदलायचं.

आकडा जमला तरी काम संपत नाही. सपाट जागी पहिला गिअर टाकून पाहायचं. तेलाच्या ओढीमुळे रेस किंचित खाली बसते, पण इंजिन अडखळायला नको आणि गाडी सरकायलाही नको. मेन स्टँडवर मागचं चाक हळू फिरताना दिसेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका, तेही तेलामुळेच.

रेस योग्य असूनही गिअर कडक पडत असतील तर उजव्या कव्हरवरचा क्लच अॅडजस्टर बघायचा. लॉकनट सैल करून स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक फेरी, मग उलटा हलका अडेपर्यंत, मग परत घड्याळाच्या दिशेने साधारण अष्टमांश फेरी, आणि स्क्रू धरून ठेवूनच नट आवळायचा. आमच्या गाडीचा ‘खटाक’ निम्मा रेसने गेला, उरलेला इथे. तेल मोटरसायकलचंच, डब्यावर जेएएसओ एमए (ओल्या क्लचच्या गाड्यांसाठीचा दर्जा) लिहिलेलं. कारचं तेल ओतलं तर ओला, म्हणजे इंजिनच्या तेलातच फिरणारा क्लच घसरू शकतो.

आता तक्रारी. हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनासोबत फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो, त्यामुळे रेस खाली आणली की सिग्नलला उजेड मंदावतो. रात्री रेस वाढवायचा मोह इथेच होतो. साताऱ्याच्या डिसेंबरातल्या सकाळी चोक ओढून मिनिटभर थांबावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात गिअर टाकायचा नाही, कारण चोकवर रेस चढलेली असते आणि गाडी उडी मारते. कासला वर गेलं की विरळ हवेने रेस थोडी पडते. तिथे स्क्रू फिरवला तर खाली आल्यावर पुन्हा सरकणं सुरू, म्हणून मी हात लावत नाही.

बाबा खूश आहेत. गर्दीत डावा हात मोकळा, आणि पेडल हळू सोडायची सवय त्यांना चटकन लागली. घ्यायची असेल तर गरम इंजिनावर पहिल्या गिअरमध्ये उभी करून बघा. रेस उतरवूनही सरकत असेल तर क्लच उघडावा लागेल, तेवढे पैसे भावात कमी करून घ्या. पार्ट आम्हाला शेवटी पुण्याला नाना पेठेत मिळाले, तेही जुना नमुना सोबत नेल्यावर.