लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी: घराजवळच्या लॅबचा अनुभव

माझ्या वडिलांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. दर वर्षी आम्ही 'संपूर्ण तपासणी'चे पॅकेज घेत असू आणि अहवालातील 'युरिन अल्ब्युमिन: निल', म्हणजे लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आढळले नाही, ही ओळ वाचून निर्धास्त होत असू. यंदा डॉक्टरांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, वेगळा करून आणण्यास सांगितले. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडे रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ. घराजवळच्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही ती तपासणी चार महिन्यांत तीनदा करून घेतली.

पॅकेजमधील रूटीन तपासणीत लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग पाहतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन नुकतेच झिरपू लागलेले असते, तेव्हा ते पट्टीला बहुधा दिसत नाही. एसीआरमध्ये 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी आकडा सामान्य धरतात, तर 30 ते 300 हा टप्पा सुरुवातीच्या बिघाडाचा. नेमका हाच टप्पा पट्टीच्या हातून निसटतो. वडिलांचे रक्तातील क्रिएटिनिनही 1.0 होते, परंतु मूत्रपिंडांचे जवळजवळ निम्मे काम थांबेपर्यंत ते मर्यादेत राहू शकते, हे मला डॉक्टरांकडूनच समजले.

लॅबमधील ताईंचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. पहिल्याच दिवशी त्यांनी ताप, लघवीला जळजळ किंवा आदल्या दिवशी फार श्रम झाले होते का, अशी चौकशी केली. वडिलांचा ताप दोनच दिवसांपूर्वी उतरला होता, हे कळताच त्यांनी सॅम्पल घेतले नाही आणि पुढच्या आठवड्यात येण्यास सांगितले, कारण तापात किंवा जंतुसंसर्गात हा आकडा तात्पुरता वाढू शकतो. झोपेतून उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत घ्यायची, हे त्यांनी वडिलांना सावकाश दोनदा समजावले आणि डबीवरच्या चिकटपट्टीवर नावाखाली 'वेळ' असे लिहून पुढे जागा मोकळी ठेवली. पुढच्या आठवड्यात सॅम्पल द्यायच्या दिवशी सकाळी वडिलांनी चष्मा लावून तेथे 6.10 असे लिहिले, तेव्हा आपली तपासणी कोणीतरी मन लावून करत आहे, असा विश्वास मला वाटला.

त्रुटीही सांगायलाच हवी. पहिल्या अहवालात केवळ 'मायक्रोअल्ब्युमिन', म्हणजे लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण, एवढाच आकडा होता. क्रिएटिनिनशी त्याचे गुणोत्तर काढलेलेच नव्हते. पाणी कमी-जास्त प्यायल्याने लघवी दाट किंवा पातळ होते आणि त्यामुळे नुसता आकडा फसवा ठरू शकतो. गुणोत्तर काढण्याचे कारणच ते आहे. डॉक्टरांची चिठ्ठी समोर असताना काउंटरवर दुसरीच तपासणी नोंदवली गेली, ही साधी चूक नव्हे. आम्ही निदर्शनास आणल्यावर त्यांनी त्याच सॅम्पलवर संध्याकाळपर्यंत पूर्ण अहवाल दिला आणि वेगळे पैसे घेतले नाहीत, हे खरे. पण ज्याला अहवाल वाचता येत नाही, अशा रुग्णाच्या हे लक्षातही आले नसते.

तीन वेळचे आकडे अनुक्रमे 64, 22 आणि 58 आले. मधला आकडा पाहून घरात सर्वांना हायसे वाटले होते, परंतु हे प्रमाण दिवसागणिक बदलत असल्याने तीनपैकी दोन अहवाल वाढलेले असतील तर बिघाड धरतात, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी रक्तदाबाची जुनी गोळी बदलून टेल्मिसार्टन सुरू केले आणि मिठाचे प्रमाण ठरवून दिले. टाइप 2 मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर दर वर्षी ही तपासणी व्हायला हवी. आमची बारा वर्षे 'निल' वाचण्यात गेली, याची मला फार खंत वाटते.

पुढच्या तपासणीसाठी आम्ही याच लॅबमध्ये जाणार आहोत. पैसे भरण्यापूर्वी पावतीवर 'एसीआर' हा शब्द छापला आहे की नाही, एवढे आपण स्वतः पाहून घ्यावे.