‘झिरो निकोटिन’च्या स्टिकरखाली पाच टक्के

सिगारेट सोडण्यासाठी म्हणून कुणी तुम्हाला वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, ‘तीन टप्प्यांचं किट’ विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ठाणे शहरात माझी त्यात फसवणूक झाली. साडेनऊ हजार रुपये गेले ते गेलेच. पण सिगारेट सोडायचा निश्चय माणसाच्या मनात रोज रोज होत नाही. माझा एकदा पक्का झाला होता आणि ते सगळे महिने या माणसाने खाल्ले, याचा राग अजून जात नाही.

वडिलांची बायपास झाली तेव्हापासून माझं सोडायचं चाललं होतं. कॉलेजपासूनची सवय, रोजचं एक पाकीट. ऑफिसातल्या एकाने इन्स्टाग्रामवरचं एक पान पाठवलं. मेसेज केला, तर पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर एका तरुण मुलाचा फोन आला. बोलायला अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात ‘सर’. पहिल्या टप्प्यात पाच टक्के निकोटिन, मग दोन टक्के, मग झिरो, अशी त्याची योजना. झिरोवर एक महिना काढला की तलफ आपोआप मरते, म्हणाला. शिवाय रोज सकाळी एक ‘कोच’ मेसेज करून विचारपूस करणार. ‘सर, लंडनला तर डॉक्टर स्वतः वेप देतात, सरकारी दवाखान्यात.’

वेपवर आपल्याकडे बंदी आहे ना, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तयार होतं: ‘बंदी निकोटिनच्या धंद्याला आहे सर, आपलं उपचारासाठी आहे. आणि झिरोला तर कायदाच लागत नाही.’ हे धादांत खोटं आहे. ई-सिगारेटवर बंदी घालणारा कायदा 2019 चा आहे. त्यातली व्याख्याच अशी आहे की पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठा, सगळ्यालाच मनाई आहे. सूट आहे ती औषध कायद्याखाली परवाना मिळालेल्या उत्पादनांना. हे मला नंतर वकील मित्राने दाखवलं. विकणारा तुम्हाला हे कधीच दाखवणार नाही.

बिल मागितलं तर ‘मेल करतो’ म्हणाला. पैसे यूपीआयने गेले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर. डबे घेऊन आला तो साधा पार्सलवाला पोरगा, त्याला आत काय आहे हेही माहीत नव्हतं. तीन रंगांचे डबे, प्रत्येकावर चांदीची पट्टी. ती खरवडली की कोड निघतो, क्यूआर स्कॅन केला की मोबाइलवर हिरव्या अक्षरांत ‘ओरिजिनल’ असं येतं. त्या हिरव्या अक्षरांनी मनाला फार धीर येतो. पण ज्याने डबा छापला त्यानेच ते पानही बनवलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवा.

आता त्या वस्तूबद्दल थोडं सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. सिगारेट संपते. दुसरी हवी असेल तर उठावं लागतं, खाली टपरीवर जावं लागतं, कपड्यांना वास येतो, घरात कुणी तरी नाक मुरडतं. या सगळ्यांमुळे नकळत का होईना, हात आवरतो. वेपला असा शेवट नाही. उशीखाली ठेवता येतो, संडासात ओढता येतो, गाडीत सिग्नलला ओढता येतो. आंब्याचा वास येतो आणि घशाला अजिबात धरत नाही. त्याचं कारण आहे. या पॉडमध्ये, म्हणजे वेपच्या द्रव भरलेल्या डबीत, निकोटिनचं मीठ वापरतात, बहुधा बेंझोइक ॲसिड घालून केलेलं. त्याने निकोटिनचा घशाला लागणारा तिखटपणा जातो आणि जबरदस्त मात्रासुद्धा मऊ लागते. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. माझ्या पहिल्या डब्यावर 12 मिलिलिटर लिहिलं होतं, म्हणजे आत 600 मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात जातं साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅम. वेपमधलं सगळं काही शरीरात जात नाही, पण आपण किती ओढलं याचा हिशेब ठेवायला त्यात काहीच नसतं. राख नाही, थोटूक नाही.

टप्पे बदलत गेले. ‘कोच’ रोज अंगठा दाखवायचा. तिसऱ्या डब्यावर आलो तेव्हा घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मी निकोटिनमधून सुटलो. सिगारेटला तर हातही लावत नव्हतो. एकच गोष्ट खटकायची. सकाळी डोळा उघडला की हात आधी त्या झिरोवाल्या डबीकडे जायचा, आणि ती घरी विसरून ऑफिसला गेलो की दुपारपर्यंत डोकं भणभणायचं, कुणावरही खेकसायचो. कोचला विचारलं, तर ‘ही मनाची सवय आहे, आणखी एक झिरो पॅक घ्या’ असं उत्तर आलं. घेतला.

त्याच सुमारास आयुर्विम्याच्या टर्म पॉलिसीसाठी वैद्यकीय तपासणी झाली. त्यात लघवीत कोटिनिन तपासतात. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन तयार होतं आणि निकोटिन थांबल्यावरही ते काही दिवस सापडतं. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, ‘तंबाखू, मशेरी, गुटखा, निकोटिनची गोळी, काही घेता का?’ मी झिरो वेपचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘झिरोने हे येत नाही. तुमच्या त्या डबीत निकोटिन आहे.’

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने तो डबा खिडकीशी उजेडात धरला. ‘अहो, हे वरून चिकटवलंय,’ म्हणाली आणि नखाने कोपरा उकरला. ‘0%’ छापलेलं स्टिकर सोलून निघालं. खाली मूळ छपाई होती, चिनी अक्षरांच्या शेजारी इंग्रजीत: निकोटिन 5%. दुसऱ्या टप्प्याचा डबा रद्दीत पडला होता, तोही काढला. ‘2%’च्या खालीही तेच. म्हणजे टप्पे नव्हतेच. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मला एकच माल तीन रंगांत विकला होता, आणि माझी तलफ जितकी वाढेल तितके त्याचे डबे खपणार होते. जाता जाता सांगतो, चीनने 2022 च्या ऑक्टोबरपासून स्वतःच्या देशात तंबाखूखेरीज इतर चवींचे वेप विकायला बंदी केली आहे. निर्यातीच्या मालाला ती लागू नाही. तो आंब्याचा वास परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे.

मी त्याला सोललेल्या स्टिकरचे फोटो पाठवले आणि पैसे परत मागितले. ‘सर’चं एका क्षणात ‘काका’ झालं. ‘काका, कंप्लेंट कुठे करणार? माल बेकायदा आहे, आणि तुमच्या घरात आहे.’ दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून भारदस्त आवाज: क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमचा पत्ता आणि चॅट आमच्याकडे आहेत, प्रकरण मिटवायचं तर वीस हजार. मी हादरलो, हे खरं सांगतो. रात्रभर बायको समजावत होती.

वकील मित्राकडे गेलो. तो म्हणाला, ‘अरे, पोलीस यूपीआयवर प्रकरणं मिटवत नाहीत. एक रुपया देऊ नकोस.’ कायदा त्याने समोर ठेवला. विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. भीती कुणाला वाटायला हवी, ते यावरून कळतं. खंडणीच्या फोनसाठी आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, मग पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिली. डबे मी घरात ठेवले नाहीत, तक्रारीबरोबर जमा केले. आरोग्य मंत्रालयाने 2023 मध्ये या कायद्याच्या उल्लंघनाची माहिती द्यायला पोर्टल सुरू केलं आहे, तिथेही त्या पानाचा दुवा दिला. पैसे परत आलेले नाहीत. तो भारदस्त आवाज मात्र पुन्हा आला नाही.

बंदीच्या मालाची फसवणूक अशी टिकते. बिल नाही, बॅच नंबर नाही, ग्राहक आयोगात जायला कागद नाही, आणि तुम्ही तोंड उघडणार नाही याची त्याला खात्री असते. म्हणून मी हे लिहितोय.

लंडनचं जे तो सांगत होता ते पूर्ण खोटं नाही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडणाऱ्यांना सरकारी सेवा वेपची मदत देते. तिथे 886 जणांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षअखेरीस वेपच्या गटातले 18 टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले, निकोटिनचा चघळायचा गम, त्वचेवर चिकटवायचा पॅच अशा गोष्टी वापरणाऱ्या गटातले 9.9 टक्के. पण त्याच चाचणीत वेपच्या गटातल्या ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यातले 80 टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते, हा भाग विक्रेता सांगत नाही. आणि तिथे निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे, माल सरकारकडे नोंदवावा लागतो, समुपदेशक समोर बसतो. माझ्या हातात होता त्याच्या अडीचपट तीव्रतेचा, कुणीच न तपासलेला माल. नाव तिथलं सांगायचं आणि डबा हा द्यायचा.

टप्प्याटप्प्याने निकोटिन कमी करायची पद्धत खरी आहे आणि ती औषधाच्या दुकानात बिलासकट मिळते. पॅच 21, 14 आणि 7 मिलिग्रॅमचे येतात. गम 2 मिलिग्रॅमचा असतो, 4 चाही असतो. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच, मुदत सगळं छापलेलं. गम साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नाही. जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. हे मला नीट समजावलं ते 1800-11-2356 वरच्या समुपदेशकाने. तंबाखू सोडण्यासाठीची ही सरकारी मोफत लाइन आहे, नंबर प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. माझे पॅच सध्या 14 वर आले आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

त्या पानाचं नाव आता बदललं आहे. फोटो तेच, तीन रंगांचे डबे तेच, ‘कोच’ही तोच. ‘स्टेप-डाउन’, ‘डॉक्टर अप्रूव्ड’, ‘झिरो म्हणजे लीगल’ हे शब्द दिसले तर समजा. आधीच फसला असाल तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, स्टिकर सोलून त्याचा फोटो काढा. धमकीचा फोन आलाच, तर उत्तर न देता आधी 1930 लावा आणि घरात कुणाला तरी सांगा.