डेक्स: दीड वर्ष वापरल्यानंतर

आमच्यातला एक जण नोकरी सोडून गेला. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा झाला, मेल बंद झाला, व्हीपीएन बंद झालं. संध्याकाळी मी यादीवर एकेक खूण करत होते आणि ‘कुबरनेटिस’ या ओळीवर पेन अडकलं. कुबरनेटिस म्हणजे आमची ॲप्लिकेशन्स अनेक सर्व्हरवर मिळून चालवणारी यंत्रणा, आणि त्या सर्व्हरचा समूह म्हणजे क्लस्टर. त्या क्लस्टरची ॲडमिन फाइल त्याला मीच दिली होती, एका घाईच्या दिवशी, ‘नंतर बघू’ म्हणत चॅटवर टाकलेली. आत वर्षभराचं क्लायंट सर्टिफिकेट, त्यातले सात महिने शिल्लक. एपीआय सर्व्हर, म्हणजे क्लस्टरचं प्रवेशद्वार, व्हीपीएनच्या मागेही नव्हता, बिल्डसाठी बाहेर उघडा होता. आणि कुबरनेटिसमध्ये असं सर्टिफिकेट रद्द करायची सोयच नाही. मुदत संपायची वाट बघा, नाहीतर अख्ख्या क्लस्टरचा सीए, म्हणजे सगळ्या सर्टिफिकेटांवर सही करणारी मूळ किल्ली, बदला. रोल काढून घ्यावेत म्हटलं तर त्या फाइलीतला गट ‘सिस्टिम:मास्टर्स’, आणि त्या गटापुढे आरबॅकची (कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या नियमांची) मात्रा चालत नाही. माणूस भला होता, त्याने काहीही केलं नाही. पण सीए बदलण्यात माझे शनिवार-रविवार गेले आणि सोमवारी मी डेक्स या लॉगिनच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन उघडून बसले.

नवख्यांसाठी थोडक्यात: कुबरनेटिसकडे प्रोग्रॅमसाठी सर्व्हिस अकाउंट असतं, पण हाडामांसाच्या माणसासाठी खातं असं काही नसतं. सर्टिफिकेट दाखवलंत तर त्यातलं कॉमन नेम हे तुमचं नाव आणि ऑर्गनायझेशन हा तुमचा गट. दुसरी वाट ओआयडीसी या लॉगिन-पद्धतीच्या टोकनची. बाहेरचा आयडेंटिटी प्रोव्हायडर तुम्हाला ओळखतो, सही केलेलं टोकन देतो, आणि एपीआय सर्व्हर त्याच्या सार्वजनिक किल्ल्या आणून ती सही, मुदत आणि टोकन कोणासाठी दिलंय एवढं तपासतो. दर वेळी प्रोव्हायडरला विचारायला जात नाही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं आणि पुढे गेले. नको होतं जायला.

आमची माणसं एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या नोंदवहीत, आणि एलडॅपला ओआयडीसी बोलता येत नाही. डेक्स हा मधला दुभाष्या. कोअरओएसने २०१५ मध्ये तो सुरू केला, आता सीएनसीएफ या क्लाउड सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. एका अंगाला एलडॅप, सॅमल (लॉगिनची आणखी एक पद्धत), गिटहब, गिटलॅब, जे असेल ते. दुसऱ्या अंगाला सगळ्यांसाठी एकच ओआयडीसी. ॲडमिनचा स्क्रीन नाही, नवा युझर टाकायचं पान नाही. एक यॅमल सेटिंग फाइल, एक छोटा पॉड (क्लस्टरमध्ये ॲप्लिकेशन चालवणारं एकक). कीक्लोक हे मोठं लॉगिन-सॉफ्टवेअरही लावून पाहिलं होतं. त्यात सगळं आहे: रेल्म, स्वतःचा युझर डेटाबेस, ओटीपी, पडदेच्या पडदे. ज्यांच्याकडे डिरेक्टरीच नाही त्यांनी सरळ तेच घ्यावं. आमच्याकडे होती, आणखी एक संसार थाटायचा नव्हता.

लावायला दोन दिवस लागले. त्यातला दीड दिवस एका तिरक्या रेघेत गेला. एपीआय सर्व्हरला इश्युअरचा, म्हणजे टोकन देणाऱ्याचा, पत्ता देताना मी शेवटी स्लॅश दिला, डेक्सच्या फाइलीत नव्हता. दोन्ही पत्ते अक्षर न् अक्षर जुळावे लागतात. टर्मिनलवर मात्र एकच शब्द: ‘अनऑथराइज्ड’. कारण एपीआय सर्व्हरच्या लॉगमध्ये होतं आणि मी डेक्सचे लॉग चाळत बसले होते.

दुसरी गंमत टीमला दिल्यावर झाली. पहिल्याच सकाळी ज्युनिअर मुलगी येऊन म्हणाली, “अगं, लॉगिन तर झालं, पण काहीही केलं की फॉरबिडन.” तिच्या मशीनवर ‘कुबसीटीएल ऑथ हूअॅमआय’ चालवलं (कुबरनेटिस १.२८ पासून ही कमांड पक्की झाली आहे, अशा वेळी सगळ्यात आधी हीच चालवा). नाव बरोबर, पण गटांच्या जागी फक्त ‘सिस्टिम:ऑथेंटिकेटेड’. क्यूबलॉगिन या लॉगिन करून देणाऱ्या प्लगिनला ‘ग्रुप्स’ हा स्कोप (टोकनमध्ये काय हवं त्याची मागणी) मागायला मी सांगितलंच नव्हतं. न मागता डेक्स गट देत नाही. तशीच गोष्ट ‘ऑफलाइन ॲक्सेस’ची: तो स्कोप नसेल तर पासवर्डशिवाय नवं टोकन आणून देणारं रिफ्रेश टोकन मिळत नाही आणि मुदत संपली की पुन्हा पासवर्ड.

सुरुवातीला स्टोरेज ‘मेमरी’ ठेवलं होतं, तोही माझाच आळस. पॉड रीस्टार्ट झाला, सह्यांच्या किल्ल्या नव्या झाल्या आणि भर दुपारी सगळी टीम बाहेर. आता स्टोरेज क्लस्टरमध्येच, कस्टम रिसोर्सवर आहे. दीड वर्षात त्याकडे पुन्हा बघावं लागलेलं नाही.

क्यूबलॉगिनबद्दल तक्रार नाही. कमांड दिली की ब्राउझर उघडतो, पासवर्ड टाकला की तो ‘लोकलहोस्ट’च्या ८००० पोर्टवर एक कोड घेऊन परत येतो, आणि क्यूबलॉगिन त्याच्या बदल्यात टोकन घेऊन कॅशमध्ये ठेवतं. क्लस्टरशी जोडणारी कुबकॉन्फिग फाइल आता सगळ्यांना एकच, तिच्यात गुपित काही नाही, विकीवर उघडी टाकली आहे. माझ्या लेखी सगळ्यात मोठं सुख हेच. ज्या मशीनवर ब्राउझर नाही तिथे डिव्हाइस कोडची सोय आहे, ती जरा कंटाळवाणी वाटते.

आता मुद्द्याचं. एवढा खटाटोप गेलेला माणूस खरोखर बाहेर जावा म्हणून केला होता, म्हणून एक खोटं खातं काढून तपासलं. लॉगिन केलं, गटातून काढलं, पुन्हा पॉडची यादी मागितली. आली. अर्थातच आली, डेक्सच्या आयडी टोकनची मूळ मुदत २४ तास असते आणि एपीआय सर्व्हर कोणाला विचारायला जात नाही. मुदत १० मिनिटांवर आणली, पुन्हा तोच प्रयोग. अकराव्या मिनिटाला ‘फॉरबिडन’. रिफ्रेश करताना डेक्सने डिरेक्टरीतून गट नव्याने आणले होते. मी खूश.

मग खातं परत गटात घातलं आणि या वेळी डिरेक्टरीत बंद केलं, म्हणजे एचआर करतं तसं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पॉडची यादी येतेच आहे. अर्धा तास मी घड्याळ आणि स्क्रीन आळीपाळीने बघत होते. उलगडा झाल्यावर अंगावर काटा आला. रिफ्रेशच्या वेळी डेक्सचा एलडॅप कनेक्टर पासवर्ड पुन्हा तपासत नाही, तपासूही शकत नाही, तो त्याने साठवलेलाच नसतो. तो स्वतःच्या सर्व्हिस खात्याने डिरेक्टरीत जातो आणि ‘ही नोंद आहे का’ एवढं पाहतो. बंद केलेलं खातं बंद असलं तरी नोंद असतेच. पुसलं असतं तर अडलं असतं, पण लगेच पुसतं कोण? उपाय एका ओळीचा: युझर शोधायच्या फिल्टरमध्ये ‘बंद खाती सोडून’ अशी अट. शिवाय रिफ्रेश टोकनला १२ तासांची कमाल मर्यादा, म्हणजे रोज सकाळी एकदा पासवर्ड. त्यावर थोडी कुरकुर झाली, आठवड्यात थांबली. ही चाचणी केली नसती तर मी सगळ्यांना ‘आता काळजी नको’ असं सांगून मोकळी झाले असते.

सॅमल कनेक्टर वापरणाऱ्यांनी आधीच जाणून घ्या: त्यात रिफ्रेशची सोय नाही. मुदत छोटी ठेवलीत तर लोक दिवसभर लॉगिनच करत बसतील, मोठी ठेवलीत तर वरचा प्रश्न परत दारात.

गटांच्या नावांना प्रीफिक्स लावायला विसरू नका. मूळ सेटिंगमध्ये ते रिकामं असतं, आणि डिरेक्टरीत कोणी ‘सिस्टिम:मास्टर्स’ नावाचा गट काढला तर क्लस्टर त्याचा.

डेक्स क्लस्टरच्या आतच चालतो, म्हणून क्लस्टरचा इन्ग्रेस (बाहेरच्या विनंत्या आत घेणारा भाग) झोपला की लॉगिनही झोपतं, नेमकं जेव्हा आत जायची घाई असते तेव्हा. त्यासाठी एक सर्टिफिकेटवाली फाइल ठेवावीच लागते. क्लस्टर उभारून देणारं कुबएडीएम १.२९ पासून ‘सुपर-ॲडमिन’ नावाची फाइल वेगळीच काढून देतं. आमची ऑफलाइन आहे, दोघांच्या ताब्यात, आणि या वेळी चॅटवर नाही.

घ्यावा का? तुमचा प्रोव्हायडर स्वतःच नीट ओआयडीसी बोलत असेल आणि टोकनमध्ये गट देत असेल, तर मध्ये डेक्स कशाला? एपीआय सर्व्हर थेट जोडा. पूर्वी फ्लॅगने (सर्व्हर सुरू करतानाच्या सेटिंगने) एकच इश्युअर देता यायचा आणि बदलला की सर्व्हर रीस्टार्ट. आता ऑथेंटिकेशनची वेगळी फाइल देता येते, तिच्यात एकाहून जास्त इश्युअर चालतात, नियम लिहिता येतात आणि बदल रीस्टार्टशिवाय लागू होतात. १.३० मध्ये ती बीटा होती, १.३४ मध्ये पक्की झाली. एलडॅपवाल्यांना मात्र दुभाष्या लागणारच, आणि त्या कामाला डेक्सला मी पाचपैकी चार देते. एक गुण एलडॅप रिफ्रेशच्या त्या वागण्याचा कापला. डॉक्युमेंटेशनमध्ये ते ठळक अक्षरात असायला हवं होतं.

गेल्या महिन्यात आणखी एक जण सोडून गेला. यादीत ‘कुबरनेटिस’ ही ओळ आता नाही, डिरेक्टरीच्या ओळीतच ती आली. तरी मी त्याचं खातं बंद झाल्यावर ऑडिट लॉग उघडून अकरा मिनिटं बसले होते.