फ्रीकॅडमध्ये निमुळते आटे : काही महिन्यांच्या वापरानंतर

नळाच्या अर्धा इंची फिटिंगवर असतात तसे निमुळते आटे काढायला फ्रीकॅड १.० हे त्रिमितीय आराखडे काढायचे सॉफ्टवेअर गेले काही महिने वापरतो आहे. निकाल आधीच सांगतो: त्याच्या पार्ट डिझाइन विभागातली सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स (एक छेद मळसूत्रासारखा फिरवून खाच कापणारी सोय) या कामाला पुरते आणि भरवशाची आहे, फक्त आकडे चोख द्यावे लागतात. सरळ आट्यात थोडीफार चूक खपून जाते, निमुळत्यात नाही. व्यासाचा उतार १:१६, म्हणजे त्रिज्येचा १:३२. त्रिज्या ०.१ मिमीने चुकली की फिटिंग सॉकेटमध्ये ३.२ मिमी मागेपुढे बसते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फेरे.

आपल्याकडे हे आटे आयएस ५५४ या भारतीय मानकाप्रमाणे असतात. इंचाला १४ आटे, पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.८१४ मिमी, कोन ५५ अंश, खोली १.१६२ मिमी. मोठा व्यास २०.९५५ मिमी, पण तो टोकाशी नव्हे, टोकापासून ८.२ मिमी आत. त्यामुळे टोकाशी व्यास २०.४४ भरतो आणि आट्याच्या तळाची त्रिज्या ९.०५९. हे सगळे स्प्रेडशीटमध्ये नावे देऊन ठेवा आणि स्केचमधून (छेदाच्या सपाट रेखाटनातून) तिथेच जोडा. पिच २५.४/१४ असा लिहा; उताराचा कोन मात्र atan वापरून काढण्याऐवजी हाताने १.७९ अंश असा टाकला तरी चालतो.

आधी बॉडी, म्हणजे मूळ घन: १३.२ मिमी लांबीचा शंकू, मागे २.५ मिमी रुंद आणि १८.६ मिमी व्यासाचा गळा, मग षटकोन, आतून १२ मिमीचे भोक. गळा वगळू नका. हेलिक्स जिथे थांबते तिथे खाच एकदम तुटते. गळा असला की ती मोकळ्या जागेत संपते आणि कापलेली कड स्वच्छ राहते.

खाचेचा छेद अक्षातून जाणाऱ्या प्रतलावर काढायचा. तळाशी ०.३०२ मिमीची सपाटी, दोन्ही बाजू २७.५ अंशांवर, मधली रेषा अक्षाला काटकोनात. ती शंकूच्या उताराला काटकोनात धरली तर दाता एका बाजूला कलतो. पृष्ठभागावर खाच १.५१२ मिमी रुंद होते. छेद पृष्ठभागाच्या थोडा बाहेर काढावाच लागतो, नाहीतर दोन पृष्ठभाग एकमेकांवर येतात आणि कापणी फसते. इथेच बहुतेकांचे काम अडते. ०.२ मिमी बाहेर काढला तर रुंदी १.७२ होते, पिचपेक्षा कमी, सगळे सुरळीत. ०.३ काढला की १.८२४, शेजारचे फेरे एकमेकांत घुसतात आणि हाती येतो एरर किंवा त्याहून वाईट म्हणजे वरून बरा दिसणारा बिघडलेला सॉलिड (घन). पार्ट वर्कबेंचमधली चेक जॉमेट्री ही घन तपासायची सोय प्रत्येक वेळी चालवा.

छेद शंकूच्या टोकाच्या एक पिच बाहेरून सुरू करायचा. तेवढ्यात उतारामुळे त्रिज्या ०.०५७ मिमीने घटते, म्हणून तिथे तळाची त्रिज्या ९.००२ द्या. मोड पिच-उंची-कोन, उंची १६.२६ मिमी, म्हणजे खाच गळ्याच्या मधोमध संपते. कोन अक्षापासून मोजलेला, १.७९ अंश. पूर्ण शंकूकोन ३.५८ टाकला तर शेवटच्या आट्याची खोली सुमारे ०.४ मिमीने कमी पडते. स्क्रीनवर ते आटा विरत गेल्यासारखे दिसते, म्हणून लक्षात येत नाही.

मानकात माथा आणि तळ गोलसर असतात. तळाची गोलाई स्केचमध्येच द्यावी. माथ्याच्या नागमोडी कडेवर फिलेट (गोलाई) लावायच्या फंदात पडू नका; ते क्वचितच टिकते, आणि थ्रीडी प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलने छापताना ती कड आपोआप बोथट होते.

हेलिक्स नेहमी मॉडेलच्या झाडात (पायऱ्यांच्या यादीत) सर्वांत शेवटी ठेवा. दर बदलाला ती पुन्हा गणली जाते आणि बाकीचे काम रेंगाळते. १.० मधली फीचर (एखादी पायरी) तात्पुरते दाबून ठेवायची सोय यासाठी खरोखर उपयोगी आहे.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रू मॉडिफायरवर सिंपल डिफॉर्मचा टेपर (निमुळतेपणा) लावून काम भागते का? रेंडरसाठी छान भागते. पण तो टेपर आट्याची खोलीही त्याच प्रमाणात आवळतो, त्यामुळे टोकाला जाणारा लाकडी स्क्रू सुंदर दिसतो, फिटिंग मात्र बसवायची असेल तर मोजमाप हातात राहत नाही.

छपाईसाठी मेश (त्रिकोणांची जाळी) करताना पृष्ठभागाच्या फरकाची सूट ०.१ मिमीवर ठेवली तर वर सांगितलेली ३.२ मिमीची चूक तिथेच शिरते, ०.०१ ते ०.०२ ठेवा, फाइल मोठी झाली तरी चालेल. छापताना अक्ष उभा, थर ०.१२ मिमी. दात्याची खालची बाजू बरीच आडवी असल्याने किंचित लोंबते, पण खोली कमी असल्यामुळे आधाराशिवाय निभावते. टेफ्लॉन टेप लावून बागेतल्या ठिबकच्या कमी दाबाच्या नळीला असा भाग जोडता येतो. घरातल्या दाबाच्या नळावर तो लावू नये; आटे घट्ट बसले तरी थरांमधून पाणी झिरपते, आणि फुटतो तो सहसा गळ्याशी, थराच्या रेषेवर.